‘अझुर्री’: झेंड्यात नसलेला निळा

प्रश्न असा आहे : इटलीच्या राष्ट्रीय रग्बी संघाला ‘अझुर्री’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘निळे’ असा दिला जातो. पण इटलीच्या झेंड्यात हिरवा, पांढरा आणि तांबडा हे तीनच रंग आहेत. मग जर्सीचा निळा आला कुठून, आणि मराठीत ‘अझुर्री’ऐवजी सरळ ‘निळे’ लिहिले तर चालेल का?

आधी रंगाचे पाहू. हा निळा साव्होया राजघराण्याचा आहे. याच घराण्याच्या राजाच्या नावाने १८६१ मध्ये एकसंध इटलीचे राज्य घोषित झाले. गंमत अशी की, या घराण्याच्या ढालीवरही, म्हणजे कुलचिन्हावरही, मुळात निळा नव्हता; तिच्यावर तांबड्या जमिनीवर पांढरा क्रूस होता. निळ्याचा माग १३६६ पर्यंत नेला जातो. त्या वर्षी काउंट सहावा आमेदेओ व्हेनिसहून धर्मयुद्धाला निघाला, तेव्हा त्याच्या गलबतावर घराण्याच्या निशाणासोबत मेरीमातेचे निळे निशाण लावले होते, असे सांगतात. (हा आमेदेओ स्वतः मात्र ‘हिरवा काउंट’ म्हणून प्रसिद्ध आहे.) पुढे १८४८ मध्ये याच घराण्याचा राजा कार्लो आल्बेर्तो याने हिरवा-पांढरा-तांबडा तिरंगा स्वीकारला आणि त्याच्या मधोमध आपली ढाल बसवली. आता ढालीतला तांबडा-पांढरा आणि झेंड्यातला तांबडा-पांढरा एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून ढालीला निळी किनार दिली गेली. म्हणजे इटलीच्या झेंड्यात एके काळी निळा होता, पण तो एवढ्या किनारीपुरताच.

खेळाच्या मैदानावर हा रंग आधी फुटबॉल संघाने आणला. १९१० मध्ये मिलानला झालेल्या पहिल्या सामन्यात तो संघ पांढऱ्या जर्सीत खेळला होता. जानेवारी १९११ मध्ये हंगेरीविरुद्ध तो निळ्या जर्सीत उतरला. रग्बी संघ १९२९ मध्ये बार्सिलोनाला स्पेनविरुद्ध आपला पहिला सामना खेळला, तोवर निळा हा इटलीच्या खेळाडूंचा रंग म्हणून रुळलेला होता. १९४६ च्या सार्वमताने राजेशाही गेली, झेंड्यावरची ढाल गेली आणि तिच्याबरोबर निळी किनारही गेली; जर्सी मात्र तशीच राहिली. आपल्याला आज जे कोडे वाटते ते याच घटनेतून निर्माण झाले आहे.

आता शब्दाकडे वळू, कारण मला स्वतःला तो रंगाहूनही मोलाचा वाटतो. ‘अझुर्रो’ या इटालियन विशेषणाचे मूळ फारसी ‘लाजवर्द’ हे आहे. अफगाणिस्तानातल्या बदख्शान भागात निघणाऱ्या गडद निळ्या दगडाचे हे नाव अरबीतून युरोपात गेले. तिथल्या भाषांत नामाआधी ‘ल’ने सुरू होणारे उपपद लागते; ऐकणाऱ्यांना शब्दातला पहिला ‘ल’ हे ते उपपदच वाटले आणि त्यांनी तो गाळला. राहिले ते ‘अझुर्रो’, फ्रेंच ‘अझ्यूर’, स्पॅनिश ‘अझुल’. हिंदी-उर्दूतल्या ‘लाजवर्दी’त तो ‘ल’ शाबूत आहे, आणि पारा-खनिजांवरच्या संस्कृत रसग्रंथांतला ‘राजावर्त’ हाही त्याच घरातला असावा, असे माझे मत आहे. हेच दुसऱ्या एका रंगाच्या बाबतीत घडले आहे : आपल्या ‘नारिंगी’तला ‘न’ इटालियन ‘अरान्चा’त उरलेला नाही, कारण तिथे तो आधीच्या ‘उन’ (एक) या शब्दाचा भाग समजला गेला. युरोपातल्या चित्रकारांनी मेरीमातेचा झगा ज्या महागड्या निळ्याने रंगवला तो याच दगडाच्या भुकटीचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे आमेदेओचे निशाण आणि हा शब्द एकमेकांना किती जवळ आहेत ते कळते.

‘निळे’ हा अर्थ म्हणून बरोबर आहे. नाव म्हणून मात्र तो अपुरा पडतो. इटालियन माणसाच्या लेखी ‘ब्लू’ आणि ‘अझुर्रो’ हे दोन वेगळे रंग आहेत, जसे आपल्याला तांबडा आणि गुलाबी. गडद निळा तो ‘ब्लू’, आणि त्याहून उजळ, स्वच्छ आभाळाचा तो ‘अझुर्रो’. मराठीत ‘निळा’ या एका शब्दात दोन्ही मावतात. ‘आकाशी’ किंवा ‘अस्मानी’ हे जवळचे आहेत, पण त्यांनी जर्सी आहे त्याहून फिकट डोळ्यांपुढे येते. शिवाय फ्रान्सचा रग्बी संघही निळ्या जर्सीत खेळतो आणि त्यांना त्यांच्या भाषेत ‘निळे’च म्हणतात. या दोन संघांत २००७ पासून गारिबाल्दी करंडकासाठी सामना होतो. त्याच्या वृत्तांतात ‘निळ्यांनी आघाडी घेतली’ असे लिहिले, तर वाचकाला काय कळणार? म्हणून ‘अझुर्री’ हे विशेषनाम तसेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाला ‘निळ्या जर्सीचा इटलीचा संघ’ असा खुलासा करावा, असे मी सुचवेन.

उच्चाराबद्दलही थोडे सांगायला हवे. आपण ‘अझुर्री’त ‘झ’ने दाखवतो तो इटालियन वर्ण आपल्या ‘जुना’, ‘जुळा’ यांतल्या ‘ज’सारखा आहे, आणि शब्दात तो दुहेरी येतो. आपल्या तोंडात हा वर्ण आयता बसलेला आहे. तरीही ‘अज्जुर्री’ असे लिहिले तर बहुतेक जण तो ‘लज्जा’तल्यासारखा वाचतील, तेव्हा रूढ झालेले ‘अझुर्री’च बरे. मात्र ‘अझुर्रीज’ लिहू नये, कारण ‘अझुर्री’ हे मुळातच अनेकवचन आहे. आपण जसे निळा, निळे, निळी, निळ्या म्हणतो तसे ते अझुर्रो, अझुर्री, अझुर्रा, अझुर्रे म्हणतात. म्हणून एक खेळाडू असेल तर ‘अझुर्रो’, आणि महिला संघाबद्दल लिहायचे असेल तर ‘अझुर्रे’.