ज्या भाषेत समजलं, त्याच भाषेत लिही

प्रिय बाळा,

रविवारी आलीस, चहा गार होईपर्यंत कप हातात धरून बसलीस आणि म्हणालीस, मावशी, जीसीएसईच्या शालान्त परीक्षेला फिजिक्स वेल्शऐवजी इंग्लिशमधून देते, पुढे युनिव्हर्सिटीत सगळं इंग्लिशच आहे. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

अगं, तुझी वही बघितली ना मी. वेल्शमधलं बिआनेद म्हणजे चाल आणि कव्लम्डेर म्हणजे वेग, हे सांगताना वेगाला तू न विचारता दिशेचा बाण काढलास. तुला ते वेल्शमध्ये समजलंय. मग ज्या भाषेत समजलं त्याच भाषेत लिही ना! किल्ख मेइथ्रिनपासून, म्हणजे वेल्श बालवाडीपासून, वेल्शमध्ये शिकलीस आणि ऐन परीक्षेला भाषा बदलणार?

रिव्हिजनची पुस्तकं वेल्शमध्ये कमी मिळतात, हे तुझं खरं आहे. मग इंग्लिश पुस्तक वाच, कोण नको म्हणतंय, पण उत्तर वेल्शमध्ये लिही. सीबीएसीचे, म्हणजे वेल्सच्या परीक्षा मंडळाचे, जुने पेपर दोन्ही भाषांत आहेत. पेपर वेल्शमध्ये दिला म्हणून ग्रेडची किंमत कमी होत नाही. आणि युनिव्हर्सिटीचं म्हणशील तर 2011 पासून वेल्शमधल्या उच्च शिक्षणासाठी कोलेग कम्राइग ही संस्था आहे, ती वेल्शमधून शिकणाऱ्यांना स्कॉलरशिपही देते. ज्या भाषेत बोललं म्हणून एकोणिसाव्या शतकात पोरांच्या गळ्यात ‘वेल्श नॉट’ची लाकडी पट्टी अडकवायचे, तिच्यात 1956 ला वेल्समधल्या ऱ्हिल गावात पहिलं माध्यमिक विद्यालय निघालं, तेव्हा कुठे आज तुझ्यापुढे हा पेपर येतोय.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. अकरावीला सायन्स इंग्लिशमधून आलं, पेशी म्हणजे काय ते मला पक्कं माहीत होतं पण वर्गात सेल म्हणजे काय विचारलं की मी गप्प, मग व्याख्या पाठ करत बसले ते दोन वर्षं. मला तिथे पर्याय नव्हता. तुला आहे!

आणि तरीही कार्डिफला आल्यावर दहा मिनिटांवरची वेल्श शाळा सोडून माझ्या मुलाला, तुझ्या दादाला, मी इंग्लिश शाळेत घातलं. आम्ही नवीन होतो गं, घरी कुणाला वेल्श येत नव्हतं, होमवर्क कोण घेणार, त्या वेळी तेच बरोबर वाटलं. पण तुझ्या आईला तरी कुठे येत होतं? तिने घातलंच ना तुला.

शाळेत कळवायच्या आधी शनिवारी ये. दोन जुने पेपर घेऊन ये, वेल्शमध्ये सोडव आणि प्रत्येक उत्तर मला मराठीत समजावून सांग. साबुदाण्याची खिचडी करते.

तुझी मावशी