स्टेरॉइडच्या थेंबांनी काचबिंदू होतो म्हणून थेंब बंद करावेत का?

इंदूरला डोळ्यांच्या दवाखान्यात काउन्सेलिंगला बसते मी, आणि युव्हिआयटिसचा, म्हणजे डोळ्याच्या आत सूज येण्याचा पेशंट आला की हा प्रश्न येतोच, "ताई, या थेंबांनी काला मोतिया, म्हणजे काचबिंदू होतो म्हणतात, बंद करू का?" बऱ्याचदा तर बंद करून झालेले असतात आणि मग विचारतात.

रामबागेतल्या एक काकू (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय), पन्नाशीच्या, घरून पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतात. डोळा तिसऱ्यांदा लाल झालेला. पर्समधून रुमालात गुंडाळलेल्या दोन बाटल्या काढल्या. एक स्टेरॉइडची, औषध पांढरं होऊन तळाला बसलेलं, ते हलवून घालायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरी बाहुली मोठी करायची, ती जवळजवळ भरलेलीच. ही का नाही घातली म्हटलं, तर "अगं त्याने जवळचं सगळं धुरकट दिसतं, पोळ्या कशा लाटू?" आणि स्टेरॉइड आठवडाभर घालून महिन्यापूर्वीच सोडलेलं, कारण भाचीने मोबाइलवर वाचून दाखवलं.

डोळ्याच्या आतलं प्रेशर (हे वाढून डोळ्याची नस खराब होते, तोच काचबिंदू) मागच्या वेळी 12 होतं, आता 28. साधारण 10 ते 21 नॉर्मल धरतात. काकू लगेच म्हणाल्या, "बघ, थेंबांनीच वाढवलं ना!"

आता स्टेरॉइडने प्रेशर वाढतं हे खोटं नाहीये, साधारण तीनात एकाला थोडंफार वाढतं आणि 100 मधल्या चार-सहा जणांना खूपच, पण थेंबांनी ते बहुधा 2 ते 6 आठवडे नियमित घातल्यावर होतं आणि बंद केल्यावर बहुतेकांचं हळूहळू उतरतं. काकूंचं गणित त्यात बसत नव्हतं. त्यांच्या डोळ्यात सूज तशीच मुरत राहिली होती. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं (अश्रू नव्हेत) आणि बुबुळाच्या कडेला आतल्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर जातं, सुजेत त्या जाळीत पेशी आणि प्रोटीन अडकतात, मोरीच्या जाळीत भाताची शितं अडकावीत तसं. शिवाय बुबुळाचा पडदा मागच्या लेन्सला चिकटतो, बाहुलीभोवती सगळीकडून चिकटला की पाणी मागेच तुंबतं, पडदा पुढे ढकलला जातो आणि कोपराच बंद होतो. ते चिकटणं टाळायलाच तर ती भरलेली बाटली होती! आणि आधीचं 12? जोराच्या सुजेत पाणी तयार होणंच कमी होतं, म्हणून आकडा कधीकधी छान दिसतो, त्याच्यावर खूश होऊ नये.

म्हणून मी आधी विचारते, सूज एकदाच आली की वर्षानुवर्षं येत-जात राहते (रेंगाळणाऱ्या सुजेत धोका जास्त), चेहऱ्यावर, डोळ्याजवळ नागीण झाली होती का, घरात कुणाला काचबिंदू आहे का, शुगर, मोठा मायनस नंबर, आणि त्वचेचं क्रीम, दम्याचा पंप, गोळ्या यातून स्टेरॉइड चालू आहे का. लहान मुलांत सांध्यांच्या आजाराबरोबर ही सूज येते तेव्हा डोळा लालही होत नाही, तिथे तर तपासणी ठरलेल्या वेळी हवीच. काकूंच्या वडिलांना काचबिंदू होता, हे तिसऱ्या भेटीत कळलं, कारण "ते म्हातारपणी झालं, त्याचा काय संबंध". अहो, संबंध आहे, अशा लोकांचं स्टेरॉइडने प्रेशर चढायची शक्यता जास्त!

पण याचा अर्थ स्टेरॉइड नकोच असा नाही, प्रेशर मोजत-मोजत द्यायचं असा. डॉक्टरांनी कोपरा लेन्स लावून बघितला, थोडा भाग चिकटलेला निघाला, मग स्टेरॉइड परत सुरू केलं, हळूहळू कमी करायचं असं, बाहुलीचा थेंब आणि प्रेशरचा थेंबही, तो देण्याआधी दमा नाही ना हे विचारून. बाहुलीच्या थेंबाच्या वेळा आम्ही ऑर्डरी बघून बसवल्या. पुढच्या भेटीत प्रेशर 18 आलं, नसेचा स्कॅनही ठीक होता.

मला राग येतो तो जुनी चिठ्ठी बघून, किंवा चिठ्ठीशिवायच, पुन्हा तीच स्टेरॉइडची बाटली देणाऱ्या मेडिकलवाल्यांचा. हळूहळू चढलेलं प्रेशर दुखत नाही, कळतच नाही, मशिनवरच दिसतं. आणि डोळा एकदम ठणकायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच इमर्जन्सीत जा.