‘स्त्रियांची सुंता’ लिहावं का?

एका अनुवादक बाईंचा प्रश्न आला आहे. त्या एका आरोग्यविषयक इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करतायत आणि तिच्यात ‘फीमेल जेनिटल म्युटिलेशन’, म्हणजे मुलींच्या बाह्य जननेंद्रियाचा भाग कापण्याची प्रथा, पानोपानी आहे. बाईंनी तिला ‘आफ्रिकेतली प्रथा’ म्हटलं आहे. त्यांनी सरळ ‘स्त्रियांची सुंता’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘जननेंद्रियाचं विकृतीकरण’ केलं. तिसऱ्या कुणी ‘आपल्याकडचा शब्द खतना, तोच ठेवा’ असं सुचवलं. यातलं बरोबर काय? आणि जाता जाता, ‘खतना केला’ की ‘खतना केली’?

शेवटचं आधी घेतो, कारण ते सोपं आहे. उर्दूत हा शब्द पुल्लिंगी. मराठीत आला तर त्याने खजिना, नमुना, जमाना यांच्या पंगतीत बसायला हवं, म्हणजे खतना केला, खतन्याला, खतन्याविरुद्ध. पण मराठी माणसाच्या कानात शेजारीच ‘सुंता’ बसलेली असते आणि ती स्त्रीलिंगी, म्हणून बोलताना ‘खतना केली’ होऊन जातं. छापील मजकुरात मी दोन्ही पाहिलं आहे, एकाच लेखात दोन्ही पाहिलं आहे. कुठलंही एक धरा आणि शेवटपर्यंत धरा. मी पुल्लिंगी लिहितो.

आता सुंता. मूळ अरबी सुन्नत, अर्थ वहिवाट, मळलेली वाट, पायंडा. म्हणजे या शब्दात मुळात कापणं कुठेच नाही. ‘रीत केली’ म्हणावं तसं ते आहे. ‘खतना’ मात्र थेट त्या क्रियेचाच शब्द. त्याच धातूपासून अरबीत खतन म्हणजे जावई किंवा बायकोकडचा सोयरा, आणि हिब्रूत त्याचाच भाऊबंद शब्द नवरदेवाला वापरतात. लग्नाआधी मुलाची सुंता करण्याची जुनी चाल यामागे असावी असा तर्क अभ्यासक करतात. तो सगळा संसार पुरुषांचा आहे. बाईसाठी अरबीत वेगळा शब्द आहे: खफ्द. आपल्याकडे तो ‘खफ्ज’ असा ऐकू येतो, कारण शेवटचं अक्षर तेच, ज्याच्यामुळे अरब रमदान म्हणतात आणि आपण रमजान. अर्थ खाली आणणं, कमी करणं. याच धातूपासून झालेला शब्द अरब देशांतल्या दुकानांवर ‘सवलत’ म्हणून झळकतो, आणि इराकमधल्या कूफा गावचे जुने वैयाकरण षष्ठी विभक्तीला हेच नाव देत. अक्षर तेच, धातू तोच. दुकानात किंमत उतरते, व्याकरणात शेवटचा स्वर उतरतो आणि इथे सात वर्षांच्या मुलीचं काहीतरी ‘उतरवलं’ जातं.

हे ‘आपल्याकडे’ म्हणजे कुठे, तेही सांगायला हवं, कारण प्रश्नात ‘आफ्रिकेतली प्रथा’ असा उल्लेख आहे. आफ्रिकेत आहेच. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात अशा तेवीस कोटींहून अधिक मुली-बायका आहेत. त्यांतल्या सुमारे साडेचौदा कोटी आफ्रिकेतल्या, पण आठ कोटी आशियातल्याही. आणि मुंबईच्या भेंडीबाजारात, पुण्याच्या बोहरी आळीत ज्यांच्याकडून आपण बिजागऱ्या, खिळे आणि रंग घेत आलो, त्या दाऊदी बोहरा या शिया मुस्लिम समाजात ही चाल आहे. त्या समाजातल्या अनेकींनी गेल्या दहाएक वर्षांत नाव लावून आपली हकिकत सांगितली, ‘सहियो’सारख्या संघटना त्यातून उभ्या राहिल्या. हकिकती एकमेकींना न भेटता सांगितलेल्या, तरी जुळ्या वाटाव्यात अशा: वय सातच्या आसपास, सोबत आई किंवा आजी, आइस्क्रीमचं किंवा खरेदीचं आमिष, जुन्या इमारतीचा अंधारा जिना, अनोळखी बाई, पाय धरणारे हात, ब्लेड. जी जागा कापायची तिला घरातलं नाव ‘हराम की बोटी’. या तीन शब्दांत प्रथेचं अख्खं तत्त्वज्ञान आहे. अवयवाला आधीच मांसाचा तुकडा म्हटलं, तोही निषिद्ध, की मग कापणं हे साफसफाईचं काम होतं.

साफसफाई हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. करणाऱ्यांच्या तोंडचे शब्द पाहत गेलं की हीच ओळ निघते. इजिप्तमध्ये या क्रियेला तहारा म्हणतात, सुदानमध्ये तहूर. दोन्हींचा अर्थ शुद्धी. मालीमधल्या बांबारा भाषेत बोलोकोली, शब्दशः हात धुणं. सुदानमध्ये तर दोन प्रकारांना दोन नावं आहेत. कापून जवळपास सगळं शिवून टाकण्याचा प्रकार तो ‘तहूर फिरौनी’, फॅरोच्या काळातला. आणि त्यामानाने कमी कापण्याचा तो ‘तहूर सुन्ना’. आपल्या सुंतेचं मूळ हेच सुन्ना. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही, पण शब्दांच्या बाजूने पाहिलं तर आहे) की ज्या शिवण्याच्या प्रकाराला सुदानी लोक फॅरोचा, म्हणजे इजिप्तचा म्हणतात, त्यालाच इजिप्तमधले लोक सुदानी म्हणतात. आपल्या अंगणातली घाण शेजाऱ्याच्या नावावर लोटायची रीत मराठी माणसाला समजावून सांगावी लागणार नाही.

आता कुणी म्हणेल की असले शब्द त्यांच्याकडचे, आपलं मराठी याबाबतीत कोरं आहे. तर आमच्या घरातल्या एका जुन्या फोटोविषयी सांगतो. पणजोबांच्या कुटुंबाचा फोटो, मागे कोपऱ्यात एक बाई, डोक्यावरून गडद लुगडं ओढलेलं. फोटो काळापांढरा, पण ते आलवण आहे आणि लाल आहे हे सगळ्यांना माहीत. लहानपणी आम्हाला त्यांचं नाव ‘सोवळी आत्या’ असं सांगितलेलं. मला वाटायचं, फार शिवाशिव पाळत असतील. सोळा-सतराव्या वर्षी कळलं की सोवळी म्हणजे नवरा गेल्यावर न्हाव्यासमोर बसवून डोकं भादरलेली. तिला ‘सोवळी केली’ असं क्रियापद होतं. शास्त्री आणि सुधारक ‘केशवपन’ म्हणत, भांडणात ‘बोडकी’ ही शिवी होती आणि घरात मात्र ‘सोवळी’. तहाराचं मराठी भाषांतर करायचं झालं तर याहून नेमका शब्द मला सापडत नाही. आणखी एक शब्द पाहा: सकेशा. जी विधवा केस राखून होती तिला हे विशेषण. केस हा बाईच्या डोक्यावर असायचाच, तरी तो आहे हे सांगायला वेगळा शब्द काढावा लागला! बोहरा बायकांमध्ये जिचा खतना झालेला नाही तिच्याविषयी जे कुजबुजीत बोललं जातं, त्याची जात हीच.

फरक आहेच. केस पुन्हा उगवतात, म्हणूनच दर काही दिवसांनी न्हावी पुन्हा दारात येई. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांची डोकी भादरणार नाही असं ठरलं, ते यामुळेच परिणामकारक होतं: वस्तरा ज्याच्या हातात त्यानेच नाही म्हटलं. इथे ब्लेड एकदाच चालतं.

‘मग कान टोचतो ते काय?’ हा प्रश्नही ठरलेला. आपल्याकडे सोनारानेच कान टोचावेत अशी म्हण आहे, आणि कान टोचणं याचा लाक्षणिक अर्थ चार चांगल्या गोष्टी सुनावणं असा झाला आहे, म्हणजे भाषेने ती क्रिया पार पोटात घातली आहे. तान्ह्या पोरीला विचारून कुणी कान टोचत नाही, हे मान्य. पण कानाचं भोक कुडी घालून मिरवायचं असतं, त्याने ऐकू यायचं कमी होत नाही, आणि टोचताना पेढे वाटतात. ज्या क्रियेबद्दल मुलीला ‘बाबांना सांगायचं नाही’ असं बजावतात तिची यादी वेगळी.

आता ‘म्युटिलेशन’. हा शब्द इंग्रजीतही सहज आलेला नाही. आधी ‘फीमेल सर्कमसिजन’, म्हणजे अगदी ‘स्त्रियांची सुंता’च म्हणत. तो शब्द पुरुषाच्या सुंतेशी बरोबरी सुचवतो, म्हणून या प्रथेविरुद्ध काम करणाऱ्या आफ्रिकी बायकांच्या समितीने १९९० साली आदिस अबाबाच्या परिषदेत ‘म्युटिलेशन’ स्वीकारला, आणि पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांना तोच वापरायची शिफारस केली. आज संघटना चार प्रकार मानते. वरची त्वचा किंवा शिश्निका (इंग्रजीत क्लिटोरिस) कापण्यापासून सगळं कापून शिवण्यापर्यंत तीन, आणि टोचणं, खरवडणं वगैरे चौथ्यात. बोहरा समाजातल्या समर्थक बायकांचं म्हणणं याच शब्दावर अडतं: आम्ही करतो ते खफ्ज, जरासा छेद, ते म्युटिलेशन नव्हेच.

हा निव्वळ शब्दांचा वाद ऑस्ट्रेलियात थेट सर्वोच्च पायरीपर्यंत गेला. न्यू साउथ वेल्समधल्या बोहरा कुटुंबातल्या दोन बहिणींचं प्रकरण, २०१५ मध्ये तिघांना दोषी ठरवलं. तिथल्या कायद्यात क्रियापद होतं ‘म्युटिलेट’. अपिलाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं की वरवरच्या टोचणीपलीकडे काही इजा, काही बिघाड झाल्याशिवाय हे क्रियापद लागू होत नाही, आणि सगळे सुटले. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, जे तिथलं सर्वोच्च, बहुमताने उलट सांगितलं: या कायद्याचा हेतू पाहता एखादा छोटा छेदही त्या क्रियापदात येतो. कोशातल्या एका नोंदीवर माणसांचं तुरुंगात जाणं-न जाणं ठरतं, तेव्हा ‘शब्दात काय आहे’ म्हणणाऱ्यांना हे प्रकरण वाचायला द्यावं. आपल्याकडे २०१७ साली या प्रथेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, केंद्र सरकारने अधिकृत आकडेवारी नसल्याचं न्यायालयाला कळवलं, आणि २०१८ मध्ये प्रकरण मोठ्या घटनापीठाकडे सोपवलं गेलं. भारतात या प्रथेसाठी वेगळा कायदा नाही, म्हणून मराठीत कायद्याने ठरवून दिलेला शब्दही नाही. तो आपल्यालाच निवडायचा आहे.

तर निवड. ‘विकृतीकरण’ मला अजिबात पसंत नाही. संस्कृतात विकृत म्हणजे बदललेलं, बिघडलेलं, पण आजच्या मराठीत विकृत म्हणजे काय हे रोजचं वर्तमानपत्र सांगतं. पुस्तिका वाचणाऱ्या बाईच्या शरीरालाच तो डाग लागतो. ‘विच्छेदन’ म्हटलं की शवविच्छेदन आठवतं. ‘कर्तन’ म्हटलं की केशकर्तनालय. ‘जननांगछेद’ त्यातल्या त्यात बरा: छोटा आहे, क्रिया नेमकी सांगतो, बाईवर शेरा मारत नाही. शीर्षकाला आणि तक्त्यांना तो वापरा. ‘सुंता’ मुलग्यांसाठी राहू द्या. जिथे बोहरा बाई स्वतः बोलते आहे तिथे तिचाच शब्द ठेवा, खतना किंवा खफ्ज. तिच्या तोंडी आपला पारिभाषिक शब्द कोंबू नका.

एक अडचण मात्र राहते आणि ती मोठी आहे. नेमकं कापतात काय, ते घरात म्हणता येईल असा शब्द मराठीत नाही. वैद्यकीय मराठीत ‘शिश्निका’ आहे, म्हणजे छोटं शिश्न, बाईच्या अवयवाचं नाव पुरुषाच्या अवयवावरून. बोलीत ‘जागा’, ‘लघवीची जागा’, ‘अंग’. ‘अंग बाहेर आलं’ म्हणतात तेव्हा गर्भाशय असतं, ‘पिशवी काढली’ म्हणतात तेव्हाही तेच. पिशवी शब्दाची तर मला भीती वाटते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये गाजल्या, सरकारी समितीने पाहणी केली तेव्हा ब्याऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. पाळीमुळे कामावर खाडा पडला तर दंड, म्हणून ‘पिशवी काढून टाका’. गर्भाशय काढायला कारण लागतं. पिशवी रिकामी झाली की टाकायचीच असते. पुस्तिकेत पहिल्यांदा ‘शिश्निका’ लिहा, शेजारी चित्र द्या, आणि एका ओळीत सांगा की हा बाईच्या सुखाचा अवयव आहे, त्याला दुसरं काही काम नाही. नंतर बिनदिक्कत तोच शब्द वापरा. चार वेळा आला की रुळेल. गर्भनिरोधकही असाच रुळला.

आणि प्रश्नासोबत पाठवलेल्या नमुना पानावर एक वाक्य आहे: ‘सातव्या वर्षी तिची सुंता झाली.’ शब्द बदलालच, क्रियापदही बदला. ‘झाली’ हे मुंजीचं, लग्नाचं, पावसाचं क्रियापद. त्यात हात कुणाचा ते दिसत नाही. इंग्रजी मजकुरात आजीचा उल्लेख आहे, तो मराठीत गळला आहे. मी असं केलं असतं: ‘ती सात वर्षांची असताना आजी तिला एका बाईकडे घेऊन गेली आणि त्या बाईने तिच्या शिश्निकेचा भाग ब्लेडने कापला.’ लांब झालं खरं. तक्त्यात बसत नसेल तर तक्ता मोठा करा.