फवारा, झोत की चिळकांडी?

‘माकली पाण्याचा फवारा सोडून पोहते’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘जेट प्रोपल्शन’ला मराठीत काय म्हणावं, असं आपण विचारलं आहे.

‘फवारा’ इथे नकोच. फवारा म्हटला की थेंब विखुरणार, आणि माकलीची (म्हणजे स्क्विड; काही ठिकाणी माकूळ म्हणतात) सगळी करामत पाणी विखुरू न देण्यात आहे. डोक्यामागच्या फटीतून ती अंगाच्या पिशवीत पाणी भरून घेते, फट घट्ट मिटते आणि पिशवी आवळते. पाण्याला वाट उरते ती डोक्याखालच्या आखूड नळीची. नळी पुढे रोखलेली असेल तर माकली मागे जाते; नळी वळवली की तिची दिशाही बदलते. पिशवी सगळीकडून एकाच क्षणी आवळली जावी म्हणून लांबच्या स्नायूंकडे जाणारे मज्जातंतू जास्त जाड असतात, म्हणजे तिथे संदेश जास्त वेगाने पोचतो. यातले सर्वांत जाड तंतू जवळजवळ १ मिलिमीटरचे. याच तंतूंवर काम करून हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी १९६३ चं नोबेल मिळवलं.

असं एकवटून, जोरात, एका दिशेला जाणारं पाणी म्हणजे ‘झोत’. ‘झोत प्रचालन’ ही संज्ञा मराठीत आहेच, शीर्षकाला ती शोभते. वाक्यात मात्र मी ‘झोत मारत पोहते’ असंच लिहीन. ‘झोताने पोहते’पेक्षा ते अचूक आहे, कारण प्रत्येक झोतानंतर पिशवी पुन्हा भरावी लागते आणि चाल झटक्याझटक्यांची होते. ‘मारत’मधून ते आपोआप कळतं.

‘चिळकांडी’ हा सुरेख शब्द शिंपल्यासाठी राखून ठेवा. तो मिटताना बारीकशी धार उडते, पण तेवढ्याने तो पुढे सरकत नाही. स्कॅलप नावाचा शिंपला मात्र दोन्ही शिंपा फटाफट मिटून बिजागरीच्या दोन बाजूंनी पाणी बाहेर काढतो आणि तोंडाच्या दिशेने पळतो. तिथे ‘झोत’च हवा. पसरट जेलीफिशला मात्र ‘झोत’ हा शब्द जड होतो. तिच्या कडेवरून पाणी वळशांनी सुटतं, म्हणून ‘छत्री मिटत-उघडत पोहते’ बरं.

आणि ऑक्टोपसबद्दल लिहिताना जपून. त्यालाही झोत मारता येतो, पण तसं पोहताना त्याचं मुख्य हृदय थांबतं आणि तो लवकर दमतो. म्हणून ‘ऑक्टोपस झोत मारत फिरतो’ असं सरसकट लिहू नये. ‘तळावर सरपटतो, पळ काढताना झोत मारतो’ असं लिहावं.