नगरसेवकाच्या हातात पोलीस नसतात, मग तो प्रभागाच्या सुरक्षिततेसाठी करतो तरी काय?

तुमचा प्रश्न असा आहे : जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकीत तुमच्याकडच्या उमेदवारानं पत्रकावर ‘सुरक्षित प्रभाग’ छापलं होतं, तो निवडूनही आला, आता तो नक्की काय करू शकतो, की कॅमेऱ्यांचं उद्घाटन करून मोकळा होणार?

मी २०१७ ते २०२२ ही पाच वर्षं एका नगरसेविकेच्या संपर्क कार्यालयात कामाला होतो. शहराचं नाव सांगत नाही, ताईंचंही नाही. पुढे जे लिहिणार आहे ते काही जणांना झोंबेल आणि मला अजून त्याच शहरात राहायचंय.

आधी कायद्याचं उरकतो. पोलीस हा राज्याचा विषय. शहराचे पोलीस आयुक्त गृहखात्याला उत्तर देतात, महापौरांना नाही. ७४व्या घटनादुरुस्तीनं शहरांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी दिली. तिच्यात अग्निशमन आहे, रस्त्यावरचे दिवे आहेत, वाहनतळ आणि बसथांबेही आहेत. पोलीस नाहीत. त्यामुळे नगरसेवक ठाण्यात फोन करतो तेव्हा तो विनंतीच करत असतो, आवाज कितीही चढवला तरी. गस्त वाढवा म्हणता येतं, हुकूम देता येत नाही.

मग हातात काय उरतं? आमच्याकडच्या एका बोळाची गोष्ट सांगतो.

शाळेच्या मैदानाची भिंत आणि नाला यांच्यामधून तो बोळ जातो. बसस्टॉपवरून वस्तीत यायला तोच जवळचा रस्ता. २०१८च्या पावसाळ्यात तिथं पंधरा दिवसांत दोन बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रं ओढली गेली. दुसऱ्या दिवशी कार्यालयात पन्नासेक माणसं. मागणी एकच, कॅमेरे लावा, नाहीतर पोलीस चौकी द्या. चौकी नगरसेवकाच्या हातात नाही हे कुणालाच ऐकायचं नव्हतं.

ताई त्याच रात्री साडेनऊला बोळात गेल्या. सोबत विद्युत विभागाचा कनिष्ठ अभियंता, बीटवरचा हवालदार आणि वही घेऊन मी. अकरा खांब मोजले, चार दिवे पेटलेले. आता गंमत बघा. दोन फिटिंग जळालेल्या होत्या, त्या महापालिकेच्या. दोन खांब गंजून वाकलेले, ते वीज कंपनीचे. उरलेल्या तिघांचे दिवे चालू होते, पण फांद्यांच्या वर! उजेड झाडाच्या शेंड्यावर पडत होता आणि खाली मिट्ट काळोख. पेटलेले म्हणून मोजलेले चार ते खालून दिसणारे, हे तीन त्यांच्याशिवाय. झाडाची फांदी तोडायची तर १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणजे उद्यान विभाग. शिवाय भिंतीला टेकून चार बेवारस गाड्या उभ्या, त्यांच्याआड माणूस सहज लपेल. ते काम अतिक्रमणवाल्यांचं.

एका बोळासाठी चार टेबलं. नगरसेवकाचं खरं काम तिथं सुरू होतं, आणि ते अतिशय कंटाळवाणं असतं. ‘बोळातील दिवे लावावेत’ असं पत्र दिलं की ते फायलीत जातं. ‘अमुक क्रमांकाच्या खांबावरील फिटिंग बंद, तमुक खांब वाकलेला’ असं पत्र दिलं की ते वायरमनच्या खिशात जातं. प्रत्येक खांबावर रंगानं क्रमांक लिहिलेला असतो, तो मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला. दिवे आठवड्यात लागले. फांद्यांना चार महिने लागले.

पैशाचं म्हणाल तर बजेटमध्ये या कामाला तरतूदच नव्हती. बाकडी आणि कापडी पिशव्या यांच्यासाठी ठेवलेला पैसा वर्गीकरणाचा ठराव करून दिव्यांकडे वळवावा लागला. त्यावरून ताईंच्या घरात भांडण झालं, कारण निवडणुकीत बाकडंच दिसतं. ताई मला म्हणाल्या, “बाकड्यावर नाव टाकता येतं रे, उजेडावर कुठं टाकू?”

चोऱ्या कायमच्या थांबल्या असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यात क्लासच्या मुली लांबचा वळसा सोडून पुन्हा त्याच बोळातून यायला लागल्या, एवढं मी रोज खिडकीतून बघत होतो.

कॅमेरेही आम्ही बसवले. आठ. नारळ फुटला, फ्लेक्स लागला. आणि चारसदस्यीय प्रभाग असल्यानं फ्लेक्सवर चौघांचे फोटो किती मोठे यावरून रुसवेफुगवे झाले. दोन वर्षांत आठातले पाच बंद. बसवायला निधी मिळतो, सांभाळायला मिळत नाही. लेन्सवर कोळ्यानं जाळं विणलं तरी ते पुसायला शिडी कुणाची, हा प्रश्न उरतो.

२०१९मध्ये एक स्कूटर चोरीला गेली आणि नशिबानं चालू कॅमेऱ्यात दिसली. हवालदार फुटेज न्यायला आला तर रेकॉर्डिंगच्या मशिनचं घड्याळ पावणेदोन तास मागे. बरं, फुटेज नुसतं पेनड्राइव्हवर देऊन भागत नाही. कोर्टात ते चालायला प्रमाणपत्र लागतं, तेव्हा पुरावा कायद्याच्या ६५ब कलमाचं होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं ६३वं कलम आहे. मशिन ज्याच्या ताब्यात त्यानं सही करायची, नव्या कायद्यात तज्ज्ञाचीही लागते. मशिन माझ्या टेबलाखाली होतं! मी सही केली आणि दोनदा कोर्टात जाऊन बसलो. म्हणून तुमच्या नगरसेवकानं कॅमेऱ्यांची घोषणा केली तर दोनच गोष्टी विचारा : देखभालीचा करार किती वर्षांचा, आणि मशिन कुणाच्या ताब्यात.

पोलिसांशी संबंध हा वेगळा भाग आहे, आणि तिथं नगरसेवक बरंच बिघडवूही शकतो. उचललेली पोरं सोडवायला ठाण्यात जाणारा नगरसेवक लोकांना आवडतो. पण सोमवारी पोरगं सोडवायचं आणि गुरुवारी गस्त मागायची, तर साहेब चहा पाजतात आणि विसरतात. ताईंनी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं की सोडवायला जायचं नाही. मतं गेली असणार. त्याऐवजी महिन्यातून एकदा बीटचे पोलीस आणि वस्तीतली माणसं एकत्र बसवायची. कल्पना त्यांची नव्हे. १९८४च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत १९८८मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या होत्या, आणि १९९२-९३मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आमच्या बैठका तेवढ्या मोठ्या कशाला असतील. निम्म्या वेळा कुत्री आणि पार्किंग यांवरच संपायच्या. पण हवालदाराचा नंबर बायकांच्या मोबाइलमध्ये गेला.

पार्किंग हाही सुरक्षिततेचाच विषय आहे. अग्निशमनचा बंब गल्लीच्या तोंडाशी अडकला की कळतं. सम-विषम पार्किंग करायचं तर आदेश वाहतूक पोलिसांचा, पाट्या महापालिकेच्या. आधी तात्पुरता आदेश, मग हरकती, मग कायमचा. आमच्या गल्लीत हरकती घेणारे सगळे दुकानदार ताईंचेच मतदार होते. पाट्या लागल्या, पण दीड वर्षानं.

गतिरोधकांबद्दल एकच सांगतो. प्रत्येक सोसायटीला तो आपल्या गेटसमोर हवा असतो. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्याकडे ठेकेदार रात्रीतून जे डांबराचं वरवंट्यासारखं काहीतरी टाकतो, त्यावरून रुग्णवाहिकेतल्या माणसाचं काय होतं ते विचारू नका.

आगीचं मात्र लोक कुणालाच विचारत नाहीत. २९ डिसेंबर २०१७ला मुंबईत कमला मिलमध्ये १४ जण गेले, त्यानंतर महिनाभर सगळीकडे तपासण्या झाल्या, मग थंड. महाराष्ट्रात २००६चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. तुमच्या इमारतीचं, मुलांच्या क्लासच्या इमारतीचं शेवटचं कधी दिलंय, हे अग्निशमन दलाकडून मागवून प्रभाग समितीत वाचून दाखवणं नगरसेवकाला सहज जमतं. खर्च शून्य. शत्रू मात्र पुष्कळ होतात.

तेव्हा तुमच्या साहेबांना ‘सुरक्षित प्रभाग’चं काय झालं असं मोघम विचारू नका, गोड उत्तर मिळेल. रात्री नऊनंतर एक फेरी मारायला बोलवा. येतात का, आणि सोबत अभियंता आणतात की फोटोग्राफर, त्यावरून बरंच समजेल. तुम्ही आधी एकदा एकटे फिरून बंद दिव्यांचे क्रमांक टिपून ठेवलेत तर उत्तम.

मार्च २०२२मध्ये मुदत संपली, पुढे जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. आमचं कार्यालय बंद झालं, मी आता एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघतो. ताई या वेळी उभ्याच राहिल्या नाहीत. परवा रात्री पावणेदहाला बोळातल्या एका आजींचा फोन आला, “अरे, दिवा गेलाय बघ.” नवीन नगरसेवकाचा नंबर देतो म्हटलं, तर म्हणाल्या, “त्याला काय सांगू?”

मी म्हटलं, आजी, आधी खांबावरचा नंबर वाचा.