उत्तर: अ‍ॅलिस क्लिंग यांची फुलदाणी घेताना सही शेवटी बघा

तुम्ही फिनिक्सहून विचारलंय की ऑनलाइन लिलावात ‘नावाहो’ (अमेरिकेतली एक मूलनिवासी जमात) म्हणून दोन फुलदाण्या आहेत: एक पांढरट, घोडे कोरलेली, स्वस्त, दुसरी साधी तपकिरी, तळाला नावाहो कुंभारीण अ‍ॅलिस क्लिंग यांची सही आणि चौपट महाग. सही खरी कशी ओळखायची?

सही शेवटी बघा. तळावर नाव कोरायला खिळा पुरतो. क्लिंगबाईंची घोटाई मात्र सहजासहजी कुणाला जमत नाही.

त्या अ‍ॅरिझोनाच्या शोंटो-काऊ स्प्रिंग्ज भागातल्या. चाक नाही, साचा नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भिंत उभी करायची, सारखी करायची, वर लाल मातीचा पातळ लेप द्यायचा आणि आइस्क्रीमची काडी, गुळगुळीत गोटा घेऊन घोटत बसायचं. मग उघड्यावर जुनिपर झाडाच्या लाकडांत भाजणी, आणि भांडं गरम असतानाच त्यावर पिन्यॉन या पाइनच्या झाडाची राळ. इतर नावाहो भांड्यांवर हा थर बहुधा जाड दिसतो. यांच्याकडे इतका पातळ की चमक राळेची की घोटाईची, सांगता येत नाही. व्यापारी ज्यांना ‘चिखलाची भांडी’ म्हणून नाकं मुरडायचे, त्याच परंपरेतली ही भांडी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या तत्कालीन उपराष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जोन माँडेल यांनी त्यांच्या सरकारी निवासस्थानी मांडली.

आता तपकिरी फुलदाणीच्या फोटोकडे. भाजताना जळतं लाकूड भांड्याला टेकलं तिथे काळा ढग उमटतो, त्याच्या कडेने विटकरी, नारिंगी, जांभळट छटा. हा दोष नव्हे, उलट हेच बघायचं. चारही बाजूंचे आणि आतले फोटो उन्हात काढून मागवा. सगळीकडे एकसारखा रंग असेल तर मी तरी हात आखडता घेईन.

पांढरी फुलदाणी बहुधा साच्यात ओतलेली, वर हाताने रंगवून कोरलेली. कोरणारा कलाकार खरोखर नावाहो असू शकतो, त्यामुळे तिला सरसकट नकली म्हणू नका. फक्त ती वेगळ्या जातीची वस्तू आहे आणि भावही तसाच हवा. आतून गुळगुळीत पांढरी, भिंत सगळीकडे सारख्या जाडीची, कधी बाजूला सांध्याची बारीक रेघ. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने खोटंच ‘इंडियन-निर्मित’ (म्हणजे अमेरिकेतल्या मूलनिवासींनी केलेलं) म्हणून विकणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण त्याचा रोख मुख्यतः वस्तू कुणी केली यावर. म्हणून ‘हाताने घडवलेली की साच्यातली’ हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

शिवाय तुम्ही फिनिक्समध्ये असताना लिलाव कशाला? मार्चमध्ये तिथेच हर्ड म्युझियम या मूलनिवासी कलेच्या संग्रहालयाचा बाजार भरतो, कलाकार समोर असतात. आणि क्लिंगबाईंच्या आई रोझ विल्यम्स यांचं एखादं भांडं मिळालं तर सोडू नका. जाडजूड, रांगडं काम. माझ्या मते लेकीची नजाकत आईच्या भांड्याशेजारीच खरी कळते.

घेतल्यावर त्यात पाणी घालू नका. भाजणी कमी तापमानाची, पाणी झिरपतं. वाळलेल्या काड्याच ठेवा. स्पिरिटने पुसलंत तर राळ विरघळेल, कोरडं मऊ फडकं बास. आणि घरी नेताना उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवून खरेदीला जाऊ नका. राळ मऊ पडते आणि गुंडाळलेला कागद तिला चिकटून बसतो.