देव एकच आणि तोही चांगला, मग जगात वाईट आलं कुठून? सुरुवातीच्या ख्रिश्चनांनी याचं काय उत्तर दिलं?

एकच असं उत्तर नव्हतंच हो. आणि गंमत म्हणजे हा प्रश्न चर्चच्या मागे लावला तो प्रतिस्पर्ध्यांनी, कारण त्यांच्याकडे उत्तर तयार होतं आणि ते सोपं होतं: देव एक नाहीच.

मार्सियन घ्या. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपेचा जहाजमालक, इ.स. १४० च्या सुमारास रोमला आला, चर्चला २ लाख सेस्टर्स (रोमन नाणी) देणगी दिली आणि मग सांगायला लागला की हे जग बनवणारा, शिक्षा करणारा जुन्या करारातला (बायबलच्या पहिल्या, ज्यूंकडून आलेल्या भागातला) देव वेगळा आणि येशूचा बाप वेगळा. त्याच जुन्या करारातल्या यशयाच्या ग्रंथात देव स्वतःच म्हणतो की अरिष्टही मीच आणतो, आणि इकडे लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो चांगल्या झाडाला वाईट फळ येत नाही, मग झाडं दोन असणार ना! १४४ मधे चर्चने त्याला बाहेर काढलं, देणगीसकट. (पैसे परत करणारी धर्मसंस्था, हे मला फार भारी वाटतं.) नॉस्टिक मंडळींचंही (गूढ ज्ञानाने मुक्ती मिळते असं मानणारे त्या काळचे पंथ) साधारण असंच, जग कुणा खालच्या दर्जाच्या अर्धवट निर्मात्याने बनवलं, खरा देव त्याच्याही पलीकडे.

यावर चर्चवाल्यांनी मुख्यतः माणसाच्या स्वातंत्र्यावर बोट ठेवलं. तेर्तुलियन या कार्थेजच्या ख्रिश्चन लेखकाने मार्सियनविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. ल्योंचा बिशप इरेनियस म्हणाला की माणूस सुरुवातीला लेकरासारखा अपरिपक्वच होता, चांगलंवाईट अनुभवून त्याने वाढायचं होतं. अलेक्झांड्रियाचा विचारवंत ओरिजेन याने तर आत्मे जन्माआधीच घसरले म्हणून वेगवेगळ्या अवस्थेत जन्मले असं सुचवलं, आपल्याला लगेच पूर्वकर्म आठवतं, पण त्याचा रोख शेवटी सगळे देवाकडे परततात याच्यावर जास्त आहे. मला विचाराल तर इरेनियसचं सगळ्यात पटतं.

पण खरी मजा ऑगस्टीनमधे आहे, कारण पुढे चर्चचा मोठा विचारवंत ठरलेला हा माणूस आधी पलीकडच्या, दोन तत्त्वं मानणाऱ्या पार्टीत होता. ३५४ चा जन्म, गाव थागास्ते, आजच्या अल्जीरियात. तरुणपणी जवळजवळ नऊ वर्षं तो मानीच्या पंथात होता. मानी हा तिसऱ्या शतकात बॅबिलोनियात जन्मलेला, त्याचं म्हणणं प्रकाश आणि अंधार ही दोन अनादि तत्त्वं, अंधाराने प्रकाशावर हल्ला केला आणि त्या मारामारीतून हे सरमिसळ जग झालं. ऑगस्टीन नंतर चक्क कबूल करतो की यात सोय होती, पाप मी नाही करत, माझ्यातलं दुसरंच काहीतरी करतं असं म्हणता यायचं. त्याचा मित्र नेब्रिडियस मात्र कार्थेजमधेच विचारायचा, देव लढलाच नसता तर अंधाराने त्याचं काय बिघडवलं असतं? काही बिघडलं असतं म्हणाल तर तो कसला देव, आणि नसतं बिघडणार तर लढला कशाला? याला उत्तर नव्हतं.

पुढे मिलानमधे तिथला बिशप आंब्रोस याची प्रवचनं आणि प्लेटोपंथी पुस्तकं यातून त्याला वाट सापडली की वाईट ही वस्तूच नाही, ते चांगल्याचं कमी होणं आहे, म्हणजे जखम हा काही वेगळा पदार्थ नसतो, धडधाकट शरीरात पडलेली उणीव असते तसं. झालं, दुसऱ्या तत्त्वाची गरजच संपली. ३८७ मधे बाप्तिस्मा घेतला.

हुशार उत्तर आहे, पण वाईट म्हणजे काय एवढंच त्यातून कळतं, चांगल्या देवाने बनवलेली इच्छा मुळात वाकडी का झाली ते राहतंच. मग त्याने आदामापासून सगळ्यांना पाप लागलं आणि बाप्तिस्म्याविना मेलेलं तान्हं बाळसुद्धा दोषीच, असं मांडलं. तेव्हा इटलीतल्या एक्लानमचा बिशप ज्युलियन खवळला, म्हणाला तू अजून मानीवालाच आहेस, वाईट जन्मातच घालून ठेवलंस! टोला वर्मी लागला असावा, कारण ज्युलियनला उत्तर देता देताच ४३० मधे ऑगस्टीन गेला आणि ते पुस्तक अर्धवटच राहिलं.